घाम थांबवायचं औषध

अकोल्यात जठारपेठेतल्या एका औषधांच्या दुकानात मी फार्मासिस्ट आहे. सोळा वर्षं झाली. मार्च लागला की काउंटरवर एक प्रश्न हमखास येतो. कुणी इकडेतिकडे बघून हळूच विचारतं, कुणी मोबाइलवरची नजर न काढता विचारतं, "घामासाठी काही आहे का?"

मी उलट विचारायचो, "वास जायला पाहिजे, की घामच थांबायला पाहिजे?"

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हेच बहुतेकांना ठाऊक नसतं. मग मी दोन बाटल्या शेजारी शेजारी ठेवून समजावून सांगायचो. डिओडरंट वास झाकतो. घाम येतच राहतो, फक्त लोकांना कळत नाही. अँटिपर्स्पिरंटमध्ये अॅल्युमिनियमचा क्षार असतो, तो घामाच्या बारीक छिद्रांच्या तोंडाशी जाऊन बसतो आणि घाम बाहेरच येऊ देत नाही. पहिला आंघोळ करून निघताना मारायचा, दुसरा झोपायच्या आधी, काख पूर्ण कोरडी करून लावायचा. सकाळी घाईघाईत ओल्या अंगावर लावला तर काही उपयोग नाही. बाटलीवर हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, पण वाचतो कोण.

हे सगळं सांगायला मला आवडायचं. बाकी दिवसभर डॉक्टरांचं अक्षर लावायचं आणि पट्टीतून गोळ्या कापून द्यायच्या. त्यात माझं असं काही नसतं. इथे मात्र माणूस माझं ऐकून घेऊन जायचा, आणि पंधरा दिवसांनी येऊन सांगायचा की फरक पडला.

माझे आईवडील भातकुलीला राहायचे. बाबा पोस्टमन होते. तीस वर्षं त्यांनी सायकलवर आसपासच्या गावांना टपाल वाटलं. निवृत्त झाल्यावरही त्यांचा दिवस तसाच कडक राहिला. पहाटे आंघोळ, पांढरा शर्ट, इस्त्री स्वतःच्या हातची. रविवारी सकाळी वंदना झाली की ते विहारात पुस्तक वाचून दाखवायचे. ज्या म्हाताऱ्या बायांना वाचता येत नव्हतं त्या खास त्यांचं वाचन ऐकायला यायच्या. बाबा अडखळत नसत, आणि समजलं नसेल तर तीच ओळ पुन्हा वाचत.

तीन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात मी एका रविवारी भातकुलीला गेलो होतो. बडनेऱ्याला उतरून पुढे पोचेपर्यंत दहा वाजले. बाबा घरीच होते. मला आश्चर्य वाटलं. रविवारी या वेळेला ते घरी कधी सापडत नसत.

"आज वाचन नाही का?" मी विचारलं.

"गेलो नाई," एवढंच बोलून ते मागच्या अंगणात गेले. थोड्या वेळाने तिथूनच त्यांनी मला हाक मारली.

मागे दोरीवर त्यांच्या चार बनियन वाळत होत्या. थंडी चांगली होती, आईने डोक्याला रुमाल बांधला होता. बाबा नळापाशी उभे होते. ते माझ्याकडे न बघता बोलले.

"तुह्या दुकानात घामाचं काही भेटते म्हणे."

"कोणाले पायजे?"

"मलेच."

मला आधी हसू आलं. उन्हाळाभर सायकल मारणाऱ्या या माणसाने कधी साधी पावडर लावली नव्हती. साबण आणि पाणी एवढ्यावर त्यांचा भरवसा. मी म्हणालो, "बाबा, थंडीत कायचा घाम?"

"येऊन राहिला ना. महिनाभरापासून येऊन राहिला. मागच्या रविवारी वाचता वाचता शर्ट ओला झाला सारा. बाजूले बसली होती ते बाई सरकून बसली."

"तिले जागा पायजे असल."

"जागा पायजे होती का वास आला, मले समजत नाई का?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते इतकं हळू बोलले की मला पुढे झुकून ऐकावं लागलं. मी आत जाऊन बॅगमधून कागद आणला आणि त्यांना नीट समजावून सांगितलं. वासाचं वेगळं आणि घामाचं वेगळं. छिद्रं, क्षार, कोरडी काख, झोपायच्या आधी. चित्रसुद्धा काढून दाखवलं. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या कामातलं काही विचारलं होतं. मी बारावीला असताना त्यांना मी शिक्षक व्हावं असं वाटायचं. दुकानात उभं राहायचं काम त्यांना कधी मनापासून पटलं नव्हतं. त्या दिवशी मात्र ते मान हलवत ऐकत होते, आणि शेवटी म्हणाले, "मंग मले दुसरं वालं आन. वास दाबून काय होते, घामच बंद पायजे."

मी खूश झालो. हे सांगायला लाज वाटते, पण खरं तेच आहे. पुढच्याच आठवड्यात दुकानातलं सगळ्यात चांगलं, बिनवासाचं रोल-ऑन मी घेऊन गेलो. बाबांनी चष्मा लावून बाटलीवरचं सगळं वाचलं आणि कपाटात इस्त्रीच्या कपड्यांशेजारी ती ठेवली.

दोनच प्रश्न मी विचारले नाहीत. घाम नेमका केव्हा येतो, आणि अजून काय काय होतं. काउंटरवर कुणी अनोळखी माणूस म्हणाला असता की थंडीत महिनाभर कपडे भिजतायत, तर मी म्हटलं असतं, आधी डॉक्टरला दाखवा. निदान आता मला असं वाटतं.

पंधरा दिवसांनी मी फोनवर विचारलं, "फरक पडला का?"

"काखेतला थांबला," बाबा म्हणाले. "पण आता पाठीतून येते, छातीतून येते."

"पाठीले कुठं लावता मंग?" मी म्हटलं, आणि दोघेही हसलो. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. मी फोन ठेवला.

जानेवारीत गेलो तेव्हा त्यांचा शर्ट खांद्यावर लोंबत होता. आई म्हणाली, "पोळी एकच खातात आता. दुसरी वाढली तं उठून जातात." मी माझ्या परीने विचार केला. वय झालं, वजन उतरतंय, घाम येतोय, म्हणजे साखर असेल. अमरावतीला नेऊन रक्त तपासलं. साखर अगदी नॉर्मल आली. मला इतकं हलकं वाटलं की परतताना मी घरी पेढे घेऊन गेलो. बाबांना एक टॉनिक दिलं, जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. रोल-ऑन संपलं असेल म्हणून दुसरं काढून दिलं, तर ते म्हणाले, "राहू दे, आहे अजून." खरं तर त्यांनी ते लावणं बंद केलं होतं. का, ते मला फेब्रुवारीत कळलं.

एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास आईचा फोन आला. दुकानात गर्दी होती. आई कधी या वेळी फोन करत नाही.

"तुह्या बाबाच्या काखेत गोटी झाली," ती म्हणाली. "आंघोळ करतानी मले दिसली. मले दाखवतच नव्हते."

"केवढी?"

"लिंबाएवढी."

दुपारच्या गाडीने मी निघालो. बाबा खाटेवर बसले होते. मी हात वर करायला सांगितला. डाव्या काखेत गाठ होती, कडक, हाताला लागत होती पण त्यांना दुखत नव्हती. त्वचा कुठे लाल नाही की गरम नाही. गाठ दुखत असती तर मला बरं वाटलं असतं. न दुखणारी गाठ जास्त वाईट, पुस्तकात वाचलेलं तेवढं आठवत होतं.

"केव्हापासून आहे?"

"झाला असल महिना."

"महिना? अन् काहून नाई सांगतलं?"

बाबांनी हात खाली घेतला. आई दारात उभी होती. तीच म्हणाली, "सांगा ना आता त्याले."

बाबांनी शर्टाचं बटण लावलं. मग म्हणाले, "पयले हरभऱ्याएवढी होती. मले वाटलं, तू देल्लं थे औषध लावलं म्हणून झाली. घाम आत अडकला अन् त्याची गाठ धरली. मंग मी लावणं सोडलं. वाटलं, जिरल आपोआप."

"पण मले फोन तं करायचा."

"तुले वाईट वाटलं असतं," ते म्हणाले. "इतकं समजावून सांगतलं होतं तुनं."

मी त्यांना सांगितलं की त्या औषधाने अशी गाठ होत नाही. घाम आत अडकून गाठ धरत नाही, तो दुसरीकडून निघून जातो. मी पुन्हा समजावत होतो, त्याच शब्दांत. बाबा म्हणाले, "नसल होत. तुले जास्त समजते." ते मला बरं वाटावं म्हणून बोलले हे आम्हा तिघांनाही कळलं.

दुसऱ्या दिवशी अमरावतीला एका डॉक्टरबाईंना दाखवलं. वयाने माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी मान, काख, जांघा तपासल्या. जांघेतही गाठी होत्या, लहान. मग त्या विचारायला लागल्या. वजन उतरलं का? हो. बारीक ताप? आई म्हणाली, संध्याकाळी अंग कोमट लागते. घाम?

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "नोव्हेंबरपासून."

"झोपेत येतो का? कपडे बदलावे लागतात?"

मला माहीत नव्हतं. आई म्हणाली, "रोज. चादर पिळून काढा इतकी ओली. बनियन दोन दोन बदलतात. सकाळी मी उठाच्या आंधी सोतःच धुऊन टाकतात."

दोरीवरच्या चार बनियन मी पाहिल्या होत्या. मला त्यात बाबांची टापटीप दिसली होती.

"इतके दिवस काही उपचार केला का?" बाईंनी विचारलं.

मी म्हणालो, "मी अँटिपर्स्पिरंट दिलं होतं."

"तुम्ही मेडिकल लाइनमध्ये आहात?"

"फार्मासिस्ट आहे."

त्यांनी मान हलवली आणि खाली बघून तपासण्या लिहायला घेतल्या. त्या काही बोलल्या असत्या तर उत्तर तरी देता आलं असतं.

गाठीचा तुकडा काढून तपासला. लसीकाग्रंथींचा कॅन्सर निघाला, लवकर वाढणाऱ्या जातीचा, आणि पोटातही पसरलेला. केमोने बरे होणारे पेशंट असतात, बाई म्हणाल्या, पण बाबांचं वय आणि आजाराचा टप्पा बघता त्यांना खात्री देता येणार नव्हती. मी त्यांना बाहेर गाठून एकट्यानेच विचारलं, डिसेंबरात आणलं असतं तर? त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही. कदाचित हाच निकाल असता. कदाचित थोडा वेगळा असता." रोल-ऑनबद्दलही विचारलं, लाज सोडून. त्यांनी स्पष्ट सांगितलं की त्याचा या आजाराशी काही संबंध नाही. मला ते आधीच माहीत होतं. तरी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायचं होतं.

नातेवाइकांना मात्र ते पटलं नाही. भेटायला आलेला माझा चुलता सगळ्यांसमोर म्हणाला, "घाम देवानं देल्ला तं तो निंघालाच पायजे. यानं बूच मारलं." देव न मानणारा आमचा चुलता त्या दिवशी देव घेऊन आला. आई आत निघून गेली. बाबाच त्याला म्हणाले, "गप रे. पोरानं मी मांगतलं तेच देल्लं."

केमोसाठी तीन आठवड्यांनी एकदा अमरावतीला जावं लागे. मी दुकानातून सुटी काढून जायचो. सलाईनची बाटली हळूहळू उतरत असायची, बाबा टेकून बसलेले असायचे, आणि त्या तासांत ते माझ्याशी जितकं बोलले तितकं आधी कधी बोलले नव्हते. एकदा मी विचारलं, "बाबा, त्या घामाची तुम्हाले इतकी लाज काहून वाटली? पोस्टमनले घाम येणारच."

बाटलीकडे बघतच त्यांनी सांगितलं. नोकरीला लागून पहिलंच वर्ष होतं. मे महिना. एका गावात एका मोठ्या घरी मनीऑर्डर द्यायला गेले. ओसरीवर म्हातारा बसला होता. बाबा सही घ्यायला पुढे झाले, तर म्हातारा नाकाला उपरणं लावून म्हणाला, तिथूनच फेक कागद, तुमच्या अंगाचा वास येते. बाबांनी कागद खाली ठेवला. म्हातारा स्वतः घामाने निथळत होता, असं बाबा म्हणाले. त्यांना ते नीट आठवत होतं, कपाळावरून घाम भुवईत उतरत होता.

"तो माह्या एकट्याले नव्हता म्हणत," बाबा म्हणाले. "तुमच्या म्हणाला."

त्यानंतर तीस वर्षं ते टपालाच्या पिशवीत एक जास्तीचा शर्ट ठेवत. गाव यायच्या आधी कडुलिंबाखाली सायकल थांबवायची, ओला शर्ट काढायचा, कोरडा घालायचा, मग गावात शिरायचं. आईला हे ठाऊक होतं, कारण कपडे तीच धुवायची. मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, पोस्टातल्या साहेबाला आवडतं म्हणून बाबा टापटीप राहतात.

पहिल्याच केमोनंतर त्यांचा घाम थांबला. अगदी पूर्ण. आईने फोनवर सांगितलं की चादर सुकी आहे, आणि मागून बाबांचा आवाज आला, "सांग त्याले, थांबला म्हणा!" काखेतली गाठही मऊ पडली, लहान झाली. आम्हाला वाटायला लागलं की निभेल. तिसऱ्या केमोनंतर एका रविवारी त्यांनी विहारात जायचा हट्ट धरला. डॉक्टरांनी गर्दीत जाऊ नका म्हणून सांगितलं होतं. मी नको म्हणालो. आई म्हणाली, "जाऊ दे त्यायले. दाराजवळ बसतील." केस गेलेल्या डोक्यावर टोपी, तोंडाला मास्क, आणि अंगात तो पांढरा शर्ट, आतमध्ये दोन माणसं मावतील असा. मी बरोबर गेलो. ते दाराजवळ बसले नाहीत. नेहमीच्या जागी बसले आणि मास्क खाली करून दहा मिनिटं वाचलं. आवाज बारीक होता, मागे ऐकू जात नव्हता, पण कुणी मोठ्याने वाचा म्हटलं नाही. शेजारच्या बाईने मध्येच पाण्याचा पेला त्यांच्या हाताशी सरकवला. ती तीच बाई होती का, हे विचारायचं मला धाडस झालं नाही.

चौथ्या केमोनंतर ताप आला. पांढऱ्या पेशी अगदी खाली गेल्या होत्या. पाच दिवस ते अतिदक्षता विभागात होते. तिसऱ्या दिवशी दुपारी मला दोन मिनिटं आत सोडलं, तेव्हा त्यांना दरदरून घाम आलेला होता. नर्स अंग पुसत होती. त्यांनी मला ओळखलं, आणि तिच्या हाताकडे बोट करून म्हणाले, "तिले म्हण, राहू दे. मीच पुसतो." त्यांना हात उचलता येत नव्हता. मी नर्सच्या हातातून कापड घेतलं आणि त्यांचा गळा, छाती, दोन्ही काखा पुसल्या. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. पाचव्या दिवशी सकाळी ते गेले. जून महिना होता.

पुण्यानुमोदनाच्या श्रद्धांजली सभेला विहार भरला होता. ज्या गावांना त्यांनी टपाल वाटलं, तिथून लोक आले होते. एक म्हातारे गृहस्थ मला म्हणाले, तुमच्या बाबांच्या अंगावर कधी मळका कपडा पाहिला नाही. मी हात जोडले. चुलता शेजारीच उभा होता, त्यानेही हात जोडले.

दुकानात मी महिन्याभराने परत उभा राहिलो. घामाचा प्रश्न अजूनही येतो, पण आता मी वास की घाम असं विचारत नाही. किती दिवसांपासून, झोपेत येतो का, वजन उतरलंय का, ताप येतो का, कुठे गाठ लागते का, हे विचारतो. लोकांना आवडत नाही. एक कॉलेजची मुलगी घाबरून काही न घेताच निघून गेली. एक गृहस्थ म्हणाले, "भाऊ, एक डिओ मागितला तर तुम्ही कुंडली काय काढता?" आजवर या प्रश्नांतून एकच माणूस मी डॉक्टरकडे पाठवला. त्याला थायरॉइड निघाला. गोळी चालू झाली, तो बरा आहे. आता औषध घ्यायला येतो तेव्हा नमस्कार करतो, आणि मला नजर कुठे ठेवावी ते कळत नाही.

आई आता आमच्याकडे अकोल्याला असते. रोल-ऑनबद्दल ती मला कधी एक शब्द बोललेली नाही. डॉक्टरबाईंनी सांगितलेलं मी तिला दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा ती "हो" म्हणाली, आणि उठून कामाला लागली.

या वर्षी मार्चमध्ये माझी मुलगी आठवीची परीक्षा देत होती. एक दिवस जेवताना म्हणाली, "पप्पा, मला घामासाठी काहीतरी आणा. सगळ्या मुली लावतात. हात वर केला की दिसतं." तिने शाळेच्या कुडत्याची काख दाखवली. तिथे खरंच गोल डाग होता. माझी बायको म्हणाली, "तुमच्याच दुकानात आहे ना, ते घाम थांबवायचं." आणि एकदम थांबली. आईच्या हातातला घास तसाच राहिला. तिने ताटाकडे बघत घास खाल्ला, पाणी प्यायली आणि हात धुवायला गेली.

दुसऱ्या दिवशी दुकानात दोन्ही बाटल्या माझ्यासमोर होत्या. मुलीला काय पाहिजे ते मला नेमकं ठाऊक होतं. घाम थांबवणाऱ्या बाटलीने तिला काही होणार नाही, हेही ठाऊक होतं. शंभर लोकांना मी ती बिनधास्त दिली आहे. मी नुसत्या वासाची बाटली घेऊन घरी गेलो.

आठवड्याभराने ती म्हणाली, "पप्पा, याने काहीच होत नाही. वास छान आहे, पण डाग तसाच पडतो."

"त्याने तेवढंच होतं," मी म्हणालो.

"मग दुसरं नाही का मिळत?"

आई खिडकीपाशी तांदूळ निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही, पण सुपातला हात थांबला होता. मी मुलीला म्हणालो, परीक्षा होऊ दे, मग बघू. परीक्षा होऊन तीन महिने झाले. तिने पुन्हा विचारलं नाही. उन्हाळ्यात ती गडद रंगाचे कपडे घालायला लागली, त्यावर डाग दिसत नाहीत.